पेंघुलूला बोलावणं

रिपिनच्या म्हणण्याप्रमाणे पेंघुलू चिडला, की तो असेल तिथला बेटाचा काठ समुद्रात बोटभर खाली बसायचा. बोटभर म्हणजे रिपिनचं बोट, आणि बंदरावर जन्मभर फॉस्फेटच्या गोणी ओढून रिपिनची बोटं राजेळी केळ्यांएवढी झालेली.

पेंघुलू म्हणजे गावचा मुखिया. पण हा मुखिया माणूस नव्हता, चोरखेकडा होता. निळ्या पाठीचा, नारळ सोलून खाणारा आणि दिसेल ते उचलून नेणारा. त्याची एक नांगी मोठी, दुसरी लहान. कधीतरी तुटून पुन्हा फुटलेली. त्यामुळे शंभरांत ओळखू यायचा. रिपिनचं लग्न होऊन तेमा वस्तीत आली त्याच आठवड्यात त्यानं तिच्या पातेल्याचं झाकण पळवलं. इथपर्यंत तेमाही मान्य करते. पुढे त्यानं ते झाकण आपणहून परत आणून दिलं, कारण त्याच्या बिळाला ते बसत नव्हतं, हे रिपिनचं. ईदच्या दिवशी तो पंगतीच्या टोकाला येऊन बसला आणि मटणात खोबरं कमी पडलंय म्हणून ताट पुढे सरकवलं, हेही रिपिनचंच. पोरं ऐकायची, पोरांची पोरं ऐकायची, आणि पेंघुलू दर सालाला वीतभर वाढायचा.

मग मुंग्या आल्या. कुठल्या जहाजातून, कुठल्या लाकडाच्या भेगेतून, कोण जाणे. पिवळ्या, लांब टांगांच्या, सरळ रेषेत चालायचं नाही अशी शपथ घेतल्यासारख्या. म्हणून सगळे त्यांना वेड्या मुंग्या म्हणायचे. चावत नाहीत त्या. तोंडावर आम्ल फवारतात. लाल खेकडा आंधळा होतो, तोंडाला फेस येतो, आणि एक-दोन दिवसांत उताणा. पाऊस लागला की डोंगरावरून लाल खेकड्यांचा पूर समुद्राकडे निघायचा, रस्ते बंद करावे लागायचे, नवरदेवाची गाडीसुद्धा तासन्‌तास खोळंबायची. आता जुन्या खाणीमागच्या रानातून मूठभर खेकडेही उतरेनासे झाले. पालापाचोळा खाणारं कुणी उरलं नाही, तर तिथे रान असं माजलं की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात.

रिपिनला लाल खेकड्यांचं वाईट वाटायचं, पण त्याची झोप गेली ती पेंघुलूपायी. कारण पेंघुलूचं बीळ त्याच रानात होतं.

त्या कोरड्या दिवसांत सिउचिन घरी आली. चिनी वसाहतीतल्या शिंप्याची मुलगी. लहानपणी रिपिनच्या ओट्यावर बसून खेकड्यांच्या गोष्टी ऐकलेली, आता रान सांभाळणाऱ्या खात्यात मुंग्यांच्या मागे लागलेली.

"पाक लोंग, काम आणलंय. तुमच्या आवडीचं."

पाक लोंग म्हणजे थोरले काका. रिपिनला सगळं गाव तेच म्हणायचं, आणि तेमाला माक लोंग.

"त्याच्या आवडीचं काम म्हणजे बसणं," तेमा आतून म्हणाली. "ते तो घरीच करतो. पगार नसला तरी सुट्टी घेत नाही."

सिउचिन हसली आणि पायरीवर टेकली. "खाणीमागच्या रानात हेलिकॉप्टरमधून दाणे टाकायचेत. माशाच्या कुटाचे, विष घातलेले. मुंग्या ते वारुळात नेतात, राणीला भरवतात आणि सगळ्याच संपतात."

"आणि चोरखेकडे?" रिपिननं विचारलं. "त्यांना माशाचा कूट म्हणजे मेजवानीच की."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. आदल्या संध्याकाळी त्यांना रानातून बाहेर काढायचं. खालच्या रस्त्याच्या कडेनं कोंबड्यांच्या खाद्याचे ढीग लावायचे, त्यात बलाचान मिसळायचं. वास लागला की येतात. दोन-तीन दिवस रस्त्यावरच खात बसले की झालं. तोवर उन्हानं दाण्यांतलं विष मरतं."

बलाचान म्हणजे जवळा आंबवून, कुटून, उन्हात वाळवून थापलेली काळपट वडी. तिच्याशिवाय त्या वस्तीत चटणी होत नाही, आणि चटणीशिवाय भात कुणी भात मानत नाही.

"पाकिटं मी आणलीत," सिउचिन म्हणाली. "फोडायची आणि कच्चीच मिसळायची. भाजायची नाहीत."

तेमा पदराला हात पुसत बाहेर आली. "कच्चं? दारी आलेल्याला कच्चं बलाचान घालायचं? तुझी आई तरी घालेल का?"

"माक लोंग, खेकडे आहेत ते. व्याही नाहीत."

"खेकड्याला नाक नसतं होय?"

"आहे ना, तेच तर. लांबच लांब आहे. वास रानातल्यांपुरता जायला हवा. फार लांब गेला तर नको ते येतील." ती रिपिनकडे वळली. "पाक लोंग, ऐकलंत ना?"

रिपिननं मान हलवली. मान हलवली तेव्हा त्याच्या डोक्यात एकच खेकडा होता.

आता सरिपचं सांगायला हवं. सरिप आणि रिपिन एकाच दिवशी बंदरावर कामाला लागले, एकाच दिवशी निवृत्त झाले आणि रोज एकाच टेबलावर कॉफी प्यायचे. रिपिननं थाप मारायची आणि सरिपनं तिला टाचणी लावायची, असा दोघांचा जुना करार होता. पण मागच्या रोज्यांच्या आधी, भर दुकानात, सरिप म्हणाला, "अरे, तुझा पेंघुलू कधीच मेला. मुंग्यांनी डोळे फोडले असतील. तू दिसेल त्या खेकड्याला पेंघुलू म्हणतोस आणि आम्ही हो म्हणतो, म्हातारा आहेस म्हणून."

सगळे हसले. रिपिननं कप खाली ठेवला आणि उठला. थाप म्हटलं असतं तर चाललं असतं. मेला म्हटलं ते लागलं, कारण पावसाळ्यानंतर रिपिनला खरोखरच पेंघुलू दिसलेला नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. कॉफीवाला दोघांच्या वेळा लक्षात ठेवून दोघांना वेगवेगळी वेळ सांगू लागला.

म्हणून रिपिननं हे काम घेतलं. पेंघुलू रस्त्यावर येईल, गाव बघेल, सरिप बघेल. आणि मुख्य म्हणजे, पेंघुलू वाचेल.

ठरलेल्या संध्याकाळी रिपिननं पाकिटं फोडली, खाद्यात मिसळली आणि रस्त्याच्या कडेनं ढीग लावत गेला. कच्च्या बलाचानाचा वास त्याला स्वतःलाच लाजिरवाणा वाटत होता. लग्नाला बोलावून पाहुण्यांपुढे न शिजवलेला भात ठेवावा तसं. तरी खेकडे आले. आधी लाल पाठीचे चोरखेकडे, मग निळे, काठ्या टेकत यावं तसे पानांतून खडखडत आले. रिपिन एकेकाच्या नांग्या बघत होता. "ये बाबा. तू कोण? तू नव्हेस. ये, तूही जेव."

तेवढ्यात सरिपची गाडी आली. वरचा रस्ता बंद करून पाट्या लावायचं काम त्याला मिळालं होतं. गाडी रिपिनजवळ येऊन हळू झाली. काच खाली झाली.

"रिपिन," सरिप म्हणाला.

रिपिननं पाठ फिरवली आणि एक ढीग, जो नीटच होता, तो पुन्हा नीट करू लागला. गाडी थोडा वेळ तशीच घुरघुरत उभी राहिली. मग निघून गेली.

उजाडलं तेव्हा रस्त्याच्या कडेला चोरखेकड्यांची जत्रा भरली होती. सिउचिन येऊन बघून गेली, रिपिनच्या पाठीवर थाप मारून गेली. हेलिकॉप्टरच्या तयारीसाठी ती विमानतळाकडे गेली आणि रिपिन पुन्हा एकदा रांगेनं सगळ्या नांग्या बघत गेला.

पेंघुलू नव्हता.

तो आत आहे, रिपिनला वाटलं. म्हातारा झालाय, हट्टी झालाय. तेमाच्या चुलीजवळ वाढलेलं नाक ते, दुकानातल्या पाकिटाला कसं भुलणार? हेलिकॉप्टर येईल, वरून मेजवानी पडेल, आणि तो बिळाच्या तोंडाशी बसून आरामात खाईल.

रिपिननं स्कूटर घराकडे पिटाळली.

"तेमा, ते बहिणीनं मलाक्काहून पाठवलेलं दे."

"ते भाचीच्या लग्नाच्या जेवणाचं आहे."

"पेंघुलू बाहेर आला नाही."

तेमानं फळीवरून डबा काढला, त्यातली वडी अर्धी कापली, सुरी थांबवली आणि अख्खी वडी केळीच्या पानात बांधून त्याच्या हातात दिली. "मंद आचेवर भाज," ती म्हणाली. "करपवलंस तर तोही येणार नाही."

दोघांपैकी कुणालाही सिउचिनचे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण शब्द तरण्या पोरीचे होते, आणि भाजल्याशिवाय बलाचान हे बलाचान नव्हेच, हे त्या दोघांना शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी दूध पितापिता शिकलेलं होतं.

रस्त्याच्या कडेला तीन दगडांवर रिपिननं खापर ठेवलं, नारळाच्या करवंट्या पेटवल्या आणि वडीचे तुकडे एकेक करून परतले. वास सुटला.

त्या वासाबद्दल वस्तीत अजून बोलतात. वारा रिपिनच्या पाठीकडून होता. त्यानं तो वास उचलला, मुंग्यांचं रान ओलांडलं, पलीकडचं चांगलं रान ओलांडलं आणि कड्यावरून थेट वस्तीत सोडला. बायकांनी अवेळी भाताला आधण ठेवलं. इमामसाहेब दोन वाक्यांमध्ये थांबून आवंढा गिळू लागले. दात पडलेली एक म्हातारी, जी पेज सोडून काही खात नव्हती, तिनं मिरच्या मागितल्या. बंदरात लागणारं एक जहाज म्हणे थोडं वळलं. पण ते सांगणारा रिपिनच्याच नात्यातला होता.

रिपिननं भाजलेले तुकडे कुस्करून सगळ्या ढिगांत घातले. रस्त्यावरच्या खेकड्यांना वेड लागायची पाळी आली. एकमेकांच्या पाठीवर चढून ते खाऊ लागले. रिपिन खापर हातात धरून रानाच्या तोंडाशी उभा राहिला आणि जेवायला हाक मारावी तशी हाक मारू लागला. "पेंघुलू! अरे, तेमानं लग्नातलं काढून दिलंय रे! ये!"

हेलिकॉप्टर आलं. पानं उलटीपालटी झाली, दाणे पावसाच्या सरीसारखे रानावर पडत गेले आणि आवाज लांब गेला. तरी रिपिन हलला नाही. अजूनही येईल, दाण्यांना तोंड न लावता येईल, नाकासमोर खरं जेवण असताना दाणे कोण खातो, असं स्वतःला सांगत उभा राहिला.

आणि दुपार कलताना पानं खरंच हलली.

एक मोठा चोरखेकडा रानातून बाहेर आला. त्याच्यामागे आणखी एक. मग तिसरा. रिपिनला आनंदानं ओरडावंसं वाटलं. सकाळपासून रस्त्यावर न दिसलेले, भले थोरले खेकडे, रानाच्या पोटातून त्याच्या हाकेला ओ देत येत होते! त्यानं पहिल्याच्या नांग्या बघितल्या. पेंघुलू नव्हता. पण त्याच वेळी त्याला दिसलं, की हा खेकडा ढिगाकडे सरळ येत नाहीये. तो थोडा डावीकडे जाई, थांबे, मागचे पाय थरथरत. मग उजवीकडे. दुसऱ्याचं तसंच. तिसरा रस्त्याच्या डांबरावर पोचला, कुठल्यातरी अदृश्य जिन्यावर चढत असल्यासारखे पाय हवेत उचलू लागला आणि कलंडला.

रिपिनच्या हातातलं खापर खाली पडून फुटलं.

हे आतले खेकडे नव्हते. आतले सगळे कधीच बाहेर येऊन जेवत होते. हे पलीकडच्या चांगल्या रानातले, ज्यांचा या कशाशी काही संबंध नव्हता असे. वासाच्या मागे सगळं विषारी रान तुडवत, वाटेत पडलेले दाणे खात ते आले होते.

आत जायला मनाई होती. रिपिन गेला. वेली तोडत, मुंग्यांच्या रांगा पायांखाली घालत तो वारा ज्या दिशेला वाहत होता त्या दिशेनं चालत राहिला. जागोजाग खेकडे होते. काही अजून चालत होते, सगळे त्याच्याकडेच, रस्त्याकडे. त्यानं एकाला उचलून उलट्या दिशेला ठेवलं. तो वळला आणि पुन्हा रस्त्याकडे निघाला.

पेंघुलू त्याला पलीकडच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर सापडला. एक नांगी मोठी, एक लहान. गोष्टींतला सायकलच्या चाकाएवढा खेकडा जवळून बघितला तर साधा घमेल्याएवढा होता. डोळे शाबूत होते. मुंग्यांनी काही केलेलं नव्हतं त्याला. तो पोटावर बसला होता आणि त्याचे पाय, रिपिनला नंतर कितीही प्रयत्न करून सांगता आलं नाही कसे, पण वाऱ्यात दोरीवरची वाळत घातलेली बाही हलते तसे हलत होते. तोंडाजवळ कुटाचा एक दाणा चिकटला होता. रिपिननं तो बोटानं काढला.

सिउचिन त्याला तिथे शोधत आली. हातमोजे घातलेली, धापा टाकत. वास तर तिला विमानतळावरच आला होता.

"औषध?" रिपिन म्हणाला.

"नाही, पाक लोंग."

"पाणी पाजलं तर? समुद्राचं?"

"नाही."

"मग तू एवढी शिकलीस कशाला?" रिपिन ओरडला. आणि लगेच म्हणाला, "नको ऐकूस. माझं काही ऐकू नकोस."

ती त्याच्याजवळ पानांत बसली. मग म्हणाली, "तो आत नव्हताच. मावळतीच्या त्या बाजूला आपल्या पाट्यांच्या पलीकडे होता. म्हणून काल आला नाही. जिथे होता तिथे अगदी ठीक होता."

रिपिननं मान वर केली नाही. "तुला काय माहीत?"

"सरिपकाका म्हणाले. त्यांनी परवा बघितला त्याला. वरच्या रस्त्याच्या पलीकडे, एका पडक्या झाडाखाली. काल तुम्हाला सांगायला थांबलेही होते म्हणे."

पेंघुलूचे पाय संध्याकाळपर्यंत हलत राहिले. मग एकेक करून थांबले. रिपिन बसून होता. त्यानं त्याला एकही गोष्ट सांगितली नाही.

सरिप दुसऱ्या दिवशी दारात आला. आत आला नाही, गेलाही नाही. तेमानं कॉफी दिली ती त्यानं उभ्यानंच प्यायली.

"काच आणखी खाली करायला हवी होती मी," तो म्हणाला. "ओरडायला हवं होतं. म्हटलं, हा तोंड फिरवतो तर बसू दे. उद्या कळेलच."

"मी फिरवलं तोंड," रिपिन म्हणाला.

"हो, पण मला तोंडाशी काय करायचं होतं? कानाशी काम होतं."

एरवी यावर रिपिननं काहीतरी फटकन उत्तर दिलं असतं. आता त्याला सुचलं नाही, आणि सरिपला ते उत्तर न आल्याचं जास्त वाईट वाटलं. त्यानं कप पायरीवर ठेवला आणि तो तिथेच बसला.

मुंग्या मेल्या. रानाच्या त्या तुकड्यातल्या जवळजवळ सगळ्या. पुढच्या पावसात डोंगराच्या दुसऱ्या उतारावरून लाल खेकड्यांची पिल्लं त्या रानात शिरली, पाचोळा खाऊ लागली, जमीन दिसू लागली. सिउचिनच्या वरच्या लोकांनी तिचं कौतुक केलं. चोरखेकड्यांबद्दल तिनं जे घडलं ते सगळं सांगितलं, फक्त भाजण्याचं काम कुणाच्या हातून झालं, ते सांगितलं नाही. गरज नव्हती. वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं? पण कुणी रिपिनला बोललं नाही. चोरून चांगलंचुंगलं खाल्लेल्या घरात जसं कुणी त्याबद्दल बोलत नाही, तसे सगळे वागले. कारण त्या सकाळी तो वास आल्यावर प्रत्येकाला भूक लागली होती, आणि कुणाच्याही मनात आलं नव्हतं की हे चुकतंय.

भाचीचं लग्न झालं. तेमानं चटणी केली नाही, आणि पाहुण्यांनी तशीच भाताची ताटं संपवली.

पुढच्या कोरड्या दिवसांत दुसऱ्या रानात दाणे टाकायचे ठरले. सिउचिन येईल की नाही याची रिपिनला खात्री नव्हती. ती आली. पायरीवर बसली.

"ढीग लावायला दुसरं कुणीतरी बघ," रिपिन म्हणाला.

"बघितलंय. तुमच्यासाठी वेगळं काम आहे."

"काय?"

"पलीकडच्या हद्दीला कुणी नसतं. वारा फिरला आणि काही खेकडे तिकडून यायला लागले, तर त्यांना अडवायला हवं."

"कसं अडवायचं?"

"ते मला माहीत नाही. तुम्हीच ठरवा."

आता त्या दिवसांत वरच्या रस्त्यावर गेलं तर रिपिन आणि सरिप दोघंही दिसतात. हातात झावळीचा एकेक दांडा, डोक्यावर टोपी. विषाचा दिवस असतो तेव्हा सकाळपासून ते हद्दीवर येरझाऱ्या घालतात. रानातून एखादा चोरखेकडा डोकं बाहेर काढतो, हवेत मिशा फिरवतो आणि निघतो. रिपिन त्याच्या वाटेत उभा राहतो. दांड्यानं जमिनीवर आपटतो. खेकडा थांबतो, डावीकडे वळतो. रिपिन डावीकडे जातो.

"माघारी जा," तो म्हणतो. "तिकडे काही नाही. खोटं आहे सगळं. जा म्हणतो ना!"

खेकडा ऐकत नाही. मग म्हातारा वाकतो, दोन्ही हातांनी त्याला मागून उचलतो, नांग्या आपल्या पोटापासून दूर धरतो आणि बऱ्याच आत नेऊन सोडतो. परत येतो तोवर दुसरा आलेला असतो.

"रिपिन, तुझ्याकडे एक," सरिप ओरडतो.

"बघितला," रिपिन म्हणतो, आणि दांडा उचलून त्याच्याकडे चालू लागतो.